गिनीवरच्या घोडेस्वाराचा कर्ता : बेनेदेत्तो पिस्त्रुच्ची

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असे संपादक मंडळींनी सुचवले, तेव्हा ‘सुवर्ण’ ह्या शब्दासरशी मनात उभी राहिली ती आजीच्या डब्यातली गिनी. नोकरीनिमित्त परप्रांतात येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतून एके काळी अशी एखाददुसरी गिनी बहुधा असेच. लग्नात माहेरून आलेली, अडीअडचणीला मोडायची म्हणून ठेवलेली, आणि म्हणूनच शक्यतो कधी न मोडलेली. नाण्याच्या एका अंगाला राजाचे मुख आणि दुसऱ्या अंगाला उधळलेल्या घोड्यावर बसून पायाखालच्या अक्राळविक्राळ प्राण्याला तुडवणारा एक स्वार. आजीच्या लेखी तो खंडोबा होता आणि खालचा प्राणी म्हणजे मणी-मल्लांपैकी कोणी तरी. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ती गिनी चौरंगावर मांडली जाई, तेव्हा राजाचे तोंड खाली आणि खंडोबा वर अशीच मांडली जाई.

पुढे एका सराफाच्या दुकानात भिंगातून ते नाणे पाहण्याचा योग आला. स्वाराच्या घोड्याखालची जमिनीची रेघ, तिच्याखाली सन, आणि सनाच्या उजव्या बाजूला, नुसत्या डोळ्यांना धूलिकणासारखी दिसणारी दोन रोमन अक्षरे : बी. पी. ती कोणाची, हे शोधता शोधता ज्या माणसाच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो, तो रत्नांवर आणि पोलादावर स्वतःच्या हाताने कोरीव काम करणारा एक तापट, हट्टी आणि विलक्षण प्रतिभावान रोमन कारागीर होता. बेनेदेत्तो पिस्त्रुच्ची हे त्याचे नाव. युरोपातील नाणकशास्त्राच्या अभ्यासकांना ते सुपरिचित आहे. ज्यांच्या घरात त्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले त्या आपणांस मात्र ते ठाऊक नसते.

पिस्त्रुच्चीचा जन्म १७८३ च्या मे महिन्यात रोममध्ये झाला. वडील फेदेरिको हे पोपच्या राज्यातील फौजदारी न्यायाधीश. मुलांनी शिकून आपल्यासारखेच कायद्याचे काम करावे ही त्यांची अपेक्षा असणार. परंतु थोरला फिलिप्पो चित्रकला आणि शीघ्रकाव्याकडे वळला आणि धाकट्या बेनेदेत्तोचे लॅटिनशी मुळीच जमले नाही. त्यातच नेपोलियनच्या फौजा इटलीत उतरल्या. पोपचा न्यायाधीश म्हणून फेदेरिकोवर क्रांतिपक्षाचा रोष होताच. कुटुंबाला रोम सोडून आडगावी जावे लागले आणि मुलांच्या शाळा एकामागून एक सुटल्या. अखेर बेनेदेत्तोला रत्नांवर कोरीव काम करणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीला ठेवण्यात आले, आणि मुलगा जागच्या जागी रमला.

हे काम कोणते, हे थोडे सांगितले पाहिजे. गोमेद किंवा अकीक जातीच्या खड्यात निरनिराळ्या रंगांचे थर असतात. वरचा पांढरा थर आकृतीपुरता राखायचा, भोवतालचा कोरून काढायचा आणि खालचा गडद थर पार्श्वभूमी म्हणून उघडा करायचा, म्हणजे गडद भूमीवर पांढरी उठावदार आकृती दिसते. अशा कोरीव खड्याला कॅमिओ म्हणतात. खडा इतका कठीण असतो की छिन्नी चालत नाही. बारीक फिरत्या चाकतीला तेल आणि हिऱ्याची पूड लावून तो कणाकणाने झिजवावा लागतो. एक कण जास्त गेला तर परत आणता येत नाही. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोकांनी ही कला कळसाला नेली होती, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील धनिकांना त्या जुन्या कॅमिओंचा छंद लागला होता. छंद आला की खोटा माल येतोच. रोममधले व्यापारी तरुण कारागिरांकडून नवे कॅमिओ करवून घेत आणि उत्खननात सापडलेले म्हणून परदेशी गिऱ्हाइकांच्या गळ्यात बांधत.

पिस्त्रुच्चीचा हात इतका झपाट्याने तयार झाला की बरोबरीच्या उमेदवारांना त्याचा हेवा वाटू लागला. एकाने तर भांडणात त्याच्या पोटात सुरी खुपसली. त्या दुखण्यात घरी पडून असताना त्याने मेणात आकृती घडवण्याचा सराव केला. पंधरा-सोळाव्या वर्षी गुरूचे घर सोडून त्याने स्वतःचा धंदा मांडला, आणि १८०२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बार्बरा फोल्की ह्या सधन व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न केले. त्याच्या गिऱ्हाइकांत आंजेलो बोनेल्ली नावाचा एक व्यापारी होता. आपण केलेले कॅमिओ हा गृहस्थ प्राचीन म्हणून विकतो हे पिस्त्रुच्चीच्या ध्यानात आल्यावर त्याने उघड तक्रार केली नाही. पोट भरायचे होते. परंतु त्या दिवसापासून तो आपल्या प्रत्येक कामात एक गुप्त खूण कोरून ठेवू लागला. ह्या एका गोष्टीत त्याचा सगळा स्वभाव दिसतो असे मला वाटते. पैसा दुसऱ्याने नेला तर नेवो, हात कोणाचा हे कधी तरी सिद्ध करता आले पाहिजे.

मधली काही वर्षे नेपोलियनच्या बहिणींच्या आश्रयात गेली. ज्याच्या फौजांमुळे बापाला घरदार सोडावे लागले त्याच्याच बहिणींची मुखे मुलाने रत्नांत कोरली. कलावंताला आश्रयदाता निवडून घेता येत नाही. १८१४ मध्ये ते साम्राज्य कोसळल्यावर पिस्त्रुच्ची पॅरिसला गेला. एल्बा बेटावरून परतलेल्या नेपोलियनला त्याने त्या शंभर दिवसांच्या काळात तेथेच पाहिले आणि मेणात त्याचे मुख घडवले. वॉटर्लूची लढाई झाली, आणि १८१५ हे वर्ष सरता सरता तो इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला. वय बत्तीस, हाती मेणाचे काही नमुने, इंग्रजी भाषेचा गंध नाही.

लंडनमध्ये त्याला पहिला आधार दिला सर जोसेफ बँक्स ह्यांनी. कॅप्टन कुकबरोबर जगप्रवास केलेले हे विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ त्या वेळी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. पिस्त्रुच्ची बँक्सच्या घरी त्यांचे मुख मेणात घडवीत बसला असताना रिचर्ड पेन नाइट नावाचे एक श्रीमंत आणि विद्वान संग्राहक तेथे आले. नुकताच मिळवलेला एक प्राचीन कॅमिओ त्यांना बँक्सना दाखवायचा होता. पुष्पदेवता फ्लोराचे मुख, डोक्यावर फुलांचा मुकुट. ग्रीक कलेचा असा नमुना दुसरा नाही, ह्याविषयी नाइटसाहेबांना शंका नव्हती.

पिस्त्रुच्चीने तो खडा हातात घेतला आणि लगेच ओळखला. बोनेल्लीसाठी त्यानेच तो रोममध्ये थोडक्या मजुरीवर कोरला होता. त्याने ते तसे स्पष्ट सांगितले आणि आपली खूण कोठे आहे तेही सांगितले. नाइट संतापले. मुकुटातली फुले आता पृथ्वीवर उरलेली नाहीत, तेव्हा हे काम प्राचीनच असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. गंमत अशी की ज्यांच्यासमोर तो मांडला गेला त्या बँक्सना जगातल्या फुलांची माहिती इतर कोणाहूनही अधिक होती, आणि त्यांना त्यात साधे गुलाब दिसले. आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी पिस्त्रुच्चीने दुसरी फ्लोरा कोरून दाखवली. लंडनच्या जाणकारांची खात्री पटली. नाइटांची पटली नाही, की पटूनही त्यांनी तसे दाखवले नाही, हे सांगणे कठीण. १८२४ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला मिळाला. फ्लोरा तेथे आहे, पिस्त्रुच्चीच्या नावाने.

ह्या वादामुळे त्याचे नाव सर्वतोमुखी झाले आणि ते टांकसाळीच्या प्रमुखाच्या कानी गेले. हे प्रमुख म्हणजे विल्यम वेलस्ली-पोल. मराठी वाचकाला हे घराणे नवे नाही. वसईच्या तहाच्या वेळचे गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली हे ह्यांचे थोरले बंधू, आणि १८०३ च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला व सप्टेंबरात असईचे रण जिंकणारे, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेले आर्थर वेलस्ली हे धाकटे. दीर्घ युद्धानंतर इंग्लंडचे चलन पार विस्कटले होते. १८१६ च्या कायद्याने सोन्याचे आणि चांदीचे नाणे नव्याने पाडायचे ठरले. टॉवर हिलवरच्या नव्या टांकसाळीत वाफेच्या जोरावर चालणारी यंत्रे बसवलेली होती. उणीव होती ती ठशांची.

ठसा कोरणे ही काय चीज आहे, हे शिक्कामोर्तब पाहिलेल्या माणसाला लवकर कळेल. मोर्तबावरची अक्षरे उलटी कोरलेली असतात, म्हणून ती कागदावर सुलटी उमटतात. नाण्याचेही तसेच. मऊ पोलादाच्या ठोकळ्यावर कारागीर कोरणीने आकृती कोरतो. कधी ती सुलटी व उठावदार कोरून तिच्या दाबाने खोलगट ठसा तयार करतात, तर कधी थेट उलटी व खोलगट कोरतात. मग तो ठोकळा लालभडक तापवून पाण्यात बुडवला की पोलाद कडक होते. ह्या एका क्षणी महिनोन्‌महिन्यांचे काम तडकून जाऊ शकते. आपल्याकडच्या शिवराईला किंवा रुपयाला हातोड्याचा घाव मिळे, आणि ठशातली निम्मी अक्षरे नाण्यावर येत, निम्मी बाहेर जात. त्याचे कोणाला वैषम्य वाटत नसे. वाफेच्या यंत्राला असला सैलपणा चालत नाही. यंत्र एका ठोक्यात नाणे पाडते, म्हणून उठाव पापुद्र्याएवढा पातळ हवा, आणि तरीही मनुष्याचा गाल तो गालच दिसला पाहिजे. म्हणजे यंत्र जितके शक्तिमान, तितका त्याच्या पाठीमागचा हात नाजूक लागतो.

आरंभी पिस्त्रुच्चीला पोलादाचा अनुभव नव्हता. म्हणून त्याने जास्पर नावाच्या कठीण खड्यात राजाचे मुख कोरून द्यावे आणि टांकसाळीच्या मुख्य कोरक्याने, तरुण टॉमस वायनने, त्यावरून पोलादी ठसा करावा अशी योजना झाली. त्यातून निघालेल्या अर्ध्या क्राउनच्या नाण्यावरची तिसऱ्या जॉर्जची मान बैलाच्या मानेसारखी दिसते अशी लोकांनी टर उडवली. एकाच्या हातचे दुसऱ्याच्या हातात नीट उतरत नाही, असा पिस्त्रुच्चीने ह्यातून निष्कर्ष काढला आणि तो स्वतः पोलाद कोरायला शिकला. ह्यापुढे जन्मभर दुसऱ्याच्या नमुन्यावरून काम करायचे नाही ही त्याची प्रतिज्ञाच झाली. तिने त्याची कीर्ती वाढवली आणि तिनेच त्याचे नुकसान केले.

घोडेस्वाराची कल्पना पुढे आली ती अशी. लेडी स्पेन्सर ह्यांना आपल्या पतीच्या गार्टर मानचिन्हासाठी सेंट जॉर्ज आणि ड्रॅगन हा विषय ग्रीक पद्धतीने कोरून हवा होता. सेंट जॉर्ज हा इंग्लंडचा रक्षक संत, ड्रॅगन हा त्याने मारलेला राक्षसी प्राणी. तो विषय मनात घोळत असतानाच नव्या सोन्याच्या नाण्यासाठीही हेच चित्र घ्यावे असे पिस्त्रुच्चीने पोल ह्यांना सुचवले. त्याने जास्परमध्ये नमुना कोरला, त्याचे त्याला शंभर गिन्या मिळाल्या, आणि १८१७ मध्ये वीस शिलिंगांचे ‘सॉव्हरिन’ हे नाणे त्या चित्रासह बाहेर पडले. आपण ज्याला गिनी म्हणतो ते हेच. जुनी एकवीस शिलिंगांची गिनी तोवर बंद झाली होती, परंतु आपल्याकडे नाव जुन्याचेच चिकटले.

बावीस मिलिमीटर व्यासाच्या, आठ ग्रॅमांहून किंचित कमी वजनाच्या त्या बावीस कॅरटच्या चकतीत त्याने काय काय मावले आहे ते पाहावे. घोडा मागच्या पायांवर उसळलेला आहे. स्वाराचा झगा वाऱ्यावर पाठीमागे उडतो आहे. अंगावर झगा आणि शिरस्त्राण ह्यांपलीकडे फारसे काही नाही. खाली ड्रॅगनचे पंख आणि वेटोळे. मध्ययुगीन संतांची चित्रे चिलखतात बंदिस्त असतात. पिस्त्रुच्चीने आपला संत अथेन्सच्या पार्थेनॉनवरच्या तरुण अश्वारोह्यांच्या पंक्तीत नेऊन बसवला. पहिल्या नाण्यावर त्याच्या हाती मोडका भाला आहे. १८१८ च्या क्राउनवर आणि १८२१ पासून सॉव्हरिनवरही तलवार आली. टीकाकारांनी विचारले की रिकिबीशिवाय हा बसला कसा, आणि एवढ्या आखूड तलवारीने ड्रॅगनला गाठणार कसा? प्रश्न बिनतोड आहेत. तरीही चित्र हातातून सोडवत नाही, कारण त्यातली गती डोळ्यांना पटते आणि डोळे पुढचा विचार करीत नाहीत.

१८१८ साली, म्हणजे इकडे पेशवाईचा शेवट झाला त्याच वर्षी, तिकडे चांदीचा भव्य क्राउन निघाला. त्यावर पिस्त्रुच्चीने दोन्ही अंगांना आपले पूर्ण आडनाव कोरले. गार्टरच्या बकलावर टांकसाळीच्या प्रमुखाचीही आद्याक्षरे होती. राजाच्या नाण्यावर एका परक्या कारागिराने असे ठसठशीत नाव घालावे ह्याचा लंडनच्या वर्तमानपत्रांना राग आला. रोममध्ये ज्याला आपली खूण फुलापानांत लपवावी लागली होती, त्याने संधी मिळताच नाव उघड्यावर आणले, ह्यात मला तरी नवल वाटत नाही. परंतु नव्या घरी पाऊल टाकताच दारावर स्वतःची पाटी लावणाऱ्या माणसाविषयी शेजाऱ्यांना काय वाटते, हेही समजण्याजोगे आहे. प्रवासी समाजात राहणाऱ्या आपणांस दोन्ही बाजू कळाव्यात.

टॉमस वायन १८१७ मध्ये ऐन पंचविशीत वारला होता. पोल ह्यांनी मुख्य कोरक्याची जागा पिस्त्रुच्चीला देऊ केली. पण परदेशी माणसाला ते पद देण्यास कायद्याची आडकाठी होती. तोड अशी निघाली की पद रिकामेच ठेवायचे, आणि पिस्त्रुच्चीला वर्षाला ५०० पौंड, टांकसाळीच्या आवारात घर आणि सगळे काम द्यायचे, फक्त पदवी द्यायची नाही. पोल अधिकारावर होते तोवर हे निभावले. १८२३ मध्ये ते गेले आणि पिस्त्रुच्चीचा पाठीराखा नाहीसा झाला. चौथ्या जॉर्जला त्याने कोरलेले आपले मुख आवडेना. शँट्री ह्या शिल्पकाराने घडवलेला अर्धपुतळा समोर ठेवून नवे मुख कोरावे असा हुकूम आला. पिस्त्रुच्चीने साफ नकार दिला. ते काम दुसऱ्यांकडे गेले. टॉमसचा चुलतभाऊ विल्यम वायन हा टांकसाळीत होता, तो ह्या काळात पुढे आला. १८२८ मध्ये वायन मुख्य कोरक्या झाला आणि पिस्त्रुच्चीसाठी ‘मुख्य पदककार’ असे नवे पद निर्माण करून ३५० पौंड वेतन ठरवण्यात आले. दोघांचीही बाजू घेणारे वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे भांडत राहिले. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे की विल्यम वायन हा कोणी दुय्यम कारागीर नव्हता. तरुण व्हिक्टोरिया राणीचे त्याने कोरलेले मुख नाणकलेतले एक सुंदर मुख आहे. आपल्याकडच्या १८४० च्या राणीछाप रुपयावर तेच आहे.

आता त्या कामाकडे वळू, ज्याने पिस्त्रुच्चीच्या आयुष्याची तीस वर्षे खाल्ली. वॉटर्लूच्या विजयाप्रीत्यर्थ एक भव्य पदक करावे आणि ते मित्रराष्ट्रांच्या राजांना व सेनापतींना द्यावे असे प्रिन्स रीजंटच्या मनात आले. त्यासाठी प्रसिद्ध शिल्पकार फ्लॅक्समन ह्याने रेखाटन केले होते. ते कोरण्याचे पिस्त्रुच्चीने नाकारले आणि स्वतःचा आराखडा पुढे केला. तो मान्य झाला, काही हजार पौंडांचा मोबदला ठरला, त्यातला काही भाग आगाऊ मिळाला. हे साल १८१९.

पदकाचा व्यास सव्वापाच इंचांचा, म्हणजे लहानशा ताटलीएवढा. एका बाजूला इंग्लंड, ऑस्ट्रिया, रशिया आणि प्रशिया येथील चार अधिपतींची मुखे एकामागे एक, आणि भोवती ग्रीक पुराणातल्या देवता. दुसऱ्या बाजूला वेलिंग्टन आणि ब्लूखर हे दोन सेनानी घोड्यांवर, मध्ये विजयदेवता, आणि सभोवार देवाधिदेव ज्युपिटर वज्र फेकून राक्षसांना खाली लोटतो आहे. राक्षस एकोणीस, कारण युद्ध एकोणीस वर्षे चालले. हे सगळे त्याने स्वतःच्या हाताने, थेट पोलादात कोरायला घेतले. प्रत्येक राक्षसाच्या पाठीचे स्नायू निराळे, प्रत्येकाच्या पडण्याची तऱ्हा निराळी.

काम रेंगाळले. कधी पैशावरून तंटा, कधी आजारपण, कधी रुसवा, कधी राज्यारोहणाचे पदक मध्येच येऊन पडे. १८३८ मध्ये व्हिक्टोरिया राणीचे राज्यारोहण पदक त्याने केले आणि त्याच्यावर टीका ओढवून घेतली. त्याच वर्षी एक शासकीय मुद्रा करताना त्याने मेणाच्या नमुन्यावरून धातूचा ठसा थेट ओतून काढण्याची युक्ती योजली आणि महिन्यांचे काम पंधरवड्यात केले. जन्मभर हातकोरणीचा कैवार घेतलेल्या माणसाने हातकोरणी वाचवण्याची वाट दाखवावी हे विचित्र आहे. परंतु वॉटर्लूच्या पदकाला मात्र त्याने ती युक्ती लावली नाही. मध्ये एकदा, १८३९ मध्ये, पोपच्या टांकसाळीत जागा मिळते म्हणून तो रोमला गेला आणि वेतन पाहून परत आला. टांकसाळीचे अधिकारी बदलत गेले आणि प्रत्येक नवा अधिकारी तोच प्रश्न विचारीत गेला. अपुऱ्या ठशांचे हप्ते मागितले जात आणि दिलेही जात. अन्याय झाला म्हणून काम थांबले की काम थांबवता यावे म्हणून अन्याय उगाळला गेला, ह्याचा निवाडा त्याच्या चरित्रकारांना करता आलेला नाही. मला वाटते त्या ठशांवर त्याचा जीव जडला होता, आणि ते हातावेगळे झाले की टांकसाळीतले आपले घर आणि स्थान जाईल अशी भीतीही असावी.

१८४९ च्या आरंभी त्याने ते ठसे हवाली केले. ज्यांना पदक द्यायचे त्यांतले ब्लूखर १८१९ मध्येच गेले होते. रशियाचा झार १८२५ मध्ये, चौथा जॉर्ज १८३० मध्ये, ऑस्ट्रियाचा सम्राट १८३५ मध्ये आणि प्रशियाचा राजा १८४० मध्ये निधन पावला. असईचा तो सेनापती मात्र ऐंशीच्या उंबरठ्यावर अजून होता. आणि शेवटचा घाव अजून बाकी होता. एवढ्या मोठ्या ठशाला तापवून पाण्यात बुडवण्याचे धैर्य टांकसाळीला झाले नाही. तीस वर्षांचे काम क्षणात तडकले तर? ठसे मऊच ठेवण्यात आले. मऊ ठशांनी सोन्या-चांदीवर पदक पाडता येत नाही. त्यांवरून मऊ धातूत, गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकात आणि विद्युत्‌विलेपनाने काही प्रती तेवढ्या काढण्यात आल्या. ज्या राजांसाठी ते योजले होते त्यांच्यासाठी ते पदक कधीच पाडले गेले नाही. ठसे रॉयल मिंटच्या संग्रहालयात आहेत, आणि ज्यांनी त्यांवरच्या प्रती पाहिल्या आहेत ते पोलादावरील हातकामाचा ह्याहून मोठा नमुना दाखवू शकत नाहीत.

टांकसाळीचे घर सुटल्यावर पिस्त्रुच्ची विंझरजवळ राहायला गेला. मुलांपैकी दोघे शिल्पकार झाले होते, आणि एलेना व मारिया एलिझा ह्या दोन मुली बापाप्रमाणेच कॅमिओ कोरीत. अखेरच्या वर्षांतही त्याची चाकती फिरत होती. १६ सप्टेंबर १८५५ रोजी फुफ्फुसाच्या दाहाने तो एंगलफील्ड ग्रीन येथे मरण पावला. ज्या घरात त्याचा अंत झाला त्याचे नाव होते फ्लोरा लॉज.

त्याच्या मृत्यूच्या वेळी सेंट जॉर्ज सॉव्हरिनवर नव्हता. १८२५ मध्येच त्याची जागा राजचिन्हाच्या ढालीने घेतली होती. १८७१ मध्ये तो परत आला. तोवर मोठ्या नमुन्यावरून लहान ठसा आपोआप उतरवणारी यंत्रे टांकसाळींतून रुळली होती, तरी घेतला गेला तो जुना हाताने कोरलेला स्वारच. ह्या पुनरागमनात एक मौज आहे. १८७१ ते १८८५ ह्या काळातल्या सॉव्हरिनवर पुढच्या अंगाला विल्यम वायनची तरुण व्हिक्टोरिया आहे आणि मागच्या अंगाला पिस्त्रुच्चीचा घोडेस्वार. वायन १८५१ मध्ये गेला होता. हयातीत एका छपराखाली ज्यांचे पटले नाही, त्यांना टांकसाळीने पाठीला पाठ लावून एकाच सोन्यात बसवले.

सिडनी, मेलबर्न, पर्थ अशा दूरदूरच्या टांकसाळींतून हे नाणे पडू लागले. १८९९ च्या कायद्याने ते हिंदुस्थानात पंधरा रुपयांच्या दराने कायदेशीर चलन झाले, आणि चलनातून हळूहळू बायकांच्या डब्यांत व गळ्यांत गेले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत रॉयल मिंटची एक शाखा अल्पकाळ उघडण्यात आली, आणि १९१८ साल घातलेली सुमारे १३ लाख सॉव्हरिन तेथे पाडली गेली. ती ओळखण्याची खूण सोपी आहे. सनाच्या वर, जमिनीच्या रेघेवर, ‘इंडिया’चे आद्याक्षर म्हणून रोमन ‘आय’ हे बारीक अक्षर असते.

आजीची गिनी १९१८ ची आहे, आणि भिंगाखाली ते अक्षर स्पष्ट दिसले. म्हणजे तिचा खंडोबा मुंबईतच घडला होता. पूर्वी कधी तरी तिला कडी लावून माळेत ओवली होती, त्यामुळे घासून स्वाराचा चेहरा आणि घोड्याचा खांदा बराच झिजला आहे. खालच्या कडेची दोन अक्षरे मात्र अजून वाचता येतात.